पान सत्तेचाळीस

सीताबर्डीच्या फुटपाथवर, मे महिन्यात,
ताडपत्रीखाली बसून गुणवंत खापेकर
ओला गमछा डोक्यावरून खांद्यावर घेतो.
मी विचारतो : दोस्त राष्ट्रांच्या गणवेशांवर काही?
बेचाळीस ते पंचेचाळीस. पट्ट्या, बिल्ले, बटणं.
रंगीत चित्रं असली तर बरं.
तो स्पर्धा परीक्षांचा ढीग सरकवत म्हणतो,
"कोणाचे दोस्त गा, भाऊ?"

मी हसलो. तेव्हा तो प्रश्न
मला प्रश्न वाटला नाही.

माझ्याकडे एक सदरा आहे.
कामठीच्या भंगारातून, साडेतीनशेला घेतलेला,
लोखंडी पलंग आणि बूड गेलेल्या बादल्यांच्या मधून ओढून.
रंग खाकी नाही, हिरवाही नाही;
घाईघाईत खाकी हिरव्यात बुडवली की उरतो तो.
कॉलरच्या आत बाणाचा शिक्का, शेजारी इंग्रजी आय,
आणि डाव्या बाहीवर, खांद्याखाली,
दोन बोटं रुंद एक गडद चौकोन
जिथे ऊन पोचलं नाही.
बिल्ला गेलाय. चार टाके आहेत.

त्या चौकोनापायी अकरा वर्षं पुस्तकं शोधतोय.
महालातला रद्दीवाला मला बघून आधीच मान हलवतो.
दिल्लीचा एकजण फोनवर भाव सांगतो आणि
मी बोलेपर्यंत थांबत नाही.
हरलेल्यांची पुस्तकं मिळतात, जाडजूड, गुळगुळीत कागदाची :
त्यांचे काळे कोट, चांदीच्या पट्ट्या, बुटांची चकाकी.
जिंकलेल्यांची बटणं मोजायला
कोणाला वेळ झाला नसावा.
बायको म्हणते, "पेन्शन गेली सदऱ्यापायी.
आता त्याच्यात घालाले एक माणूसही आना."

मग परवा खापेकरांचा फोन. मोहननगरात कोणी मिस रोझारियो
घर आवरून भाचीकडे चालल्या, बंगलोरला.
दोन पोती निघाली. त्यात हे :
निळं कापडी बांधणीचं, वाळवीनं फक्त प्रस्तावना खाल्लेलं.
तिथंच, उभ्यानं, घाम पुसत सूची उघडली.
कॅनडा, चार पानं. पोलंड, तीन. न्यूझीलंडच्या टोप्यांना वेगळं प्रकरण.
भारत : पान सत्तेचाळीस.

सेहेचाळीसनंतर एकोणपन्नास होतं.

मधलं पान पात्यानं काढलेलं, इतकं सफाईनं
की शिवणीपाशी नखाएवढी कड उरलेली,
आणि समोरच्या समासात शिसपेन्सिलीनं, इंग्रजीत :
बाह्या चुकीच्या काढल्या आहेत.
कोणाला तरी ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक आणि सदरा घेऊन कामठी.
हबीब मास्तरांचे वडील ठेक्यावर शिवायचे, डझनाच्या भावानं.
मास्तरांनी पुस्तकाला हात लावला नाही.
सदरा उलटा केला, खिशाच्या आतली शिवण
पोथीसारखी डोळ्यांजवळ धरली.
काखेवरून अंगठा फिरवला. मग त्या चार टाक्यांपाशी थांबले
बराच वेळ. पंखा गेला होता, लाइट नव्हती.
"ये सरकारी टाका नहीं है, साहब.
किसी ने ख़ुद लगाया है. बाएँ हाथ से. देखो, गाँठ किधर है."

मी पाहिलं. अकरा वर्षं मी चौकोन पाहत होतो,
गाठ पाहिली नव्हती.

घरी येऊन वहीचं एक पान कापलं,
त्या नखाएवढ्या कडेला खळीनं डकवलं, आणि लिहिलं :
सैनिक, एक. डावखुरा.
दोरा काळा, सदऱ्याच्या रंगाशी न जुळणारा; बहुधा तोच होता जवळ.
पलटण माहीत नाही.
कोणाचा दोस्त, ते माहीत नाही.
बायकोनं चष्मा लावून वाचलं, म्हणाली,
"घाई होती बिचाऱ्याले."
तेही लिहिलं.

मागची बाजू, अठ्ठेचाळीस, कोरी ठेवली आहे.