सात दहा

सकाळी साडेसहाला मी कुलूप काढते
तेव्हा चौघं-पाचजण उभी असतातच,
काखेत टॉवेलची वळकटी, नाकांतून वाफा.
अजून कुणी कुणाशी बोलत नाही.
बोलणं आत आहे, पाण्यात.

आमच्या गावाला चौक नाही.
या वाऱ्यात चौकात थांबेल कोण?
दारूचं दुकान दिवसाला दोन तास.
चर्च आहे, पण तिथे एकच माणूस बोलतो.
म्हणून हे कुंड:
जमिनीखालून आलेलं पाणी, गंधकाचा वास,
एकोणचाळीस अंश.
आठजण मावतात. नववा आला
की सगळे न सांगता गुडघे आवरतात.

आधी साबण लावून अंग धुवायचं, नागव्यानं.
भिंतीवर माणसाचं चित्र आहे,
घासायच्या जागा लाल रंगवलेल्या.
बंदराचा अधिकारी असो की मासे सोलणारा,
खिसा कुणालाच नाही.
वर फक्त डोकी. डोक्यांवर बर्फ.
थोरबेर्ग तेवढा लोकरीची टोपी काढत नाही,
बायकोनं विणलेली, ती होती तेव्हा.

मी पोलंडहून आले त्याला अकरा वर्षं झाली.
इथली भाषा फरशी पुसता पुसता शिकले.
पहिले शब्द: निसरडं. झाकण. वारा फिरला.
आता मला या भाषेत भांडता येतं,
हिशोब मागता येतो,
लाडानं बोलता येत नाही,
कारण तसं कुंडात कुणी बोलत नाही.

ह्याल्ती आणि आस्तहिल्दुर.
मेंढ्यांच्या कुंपणावरून सोळा वर्षं, दोन वकील.
रस्त्यात ओळख देत नाहीत.
कुंडात समोरासमोर.
तिनं हात हलवला की लाट त्याच्या गळ्याशी.
"आज जरा गार आहे," तो म्हणतो. सगळ्यांना.
"अडतीससुद्धा नसेल," ती म्हणते. वाफेला.
एकोणचाळीसच असतं. मी काही बोलत नाही.

मग जानेवारीत नळ फुटला.
तीन आठवडे कुंड कोरडं.
तळाशी केसांची एक पिन, पोपडे उडालेला निळा रंग
आणि दोन नाणी. खिसे नसताना
ती कुठून आली, देव जाणे.

लोक दुकानात भेटले, बटाट्यांपाशी,
कोट, हातमोजे, बूट, सगळं चढवून,
आणि कुणालाच काही सुचेना.
थोरबेर्ग शाळेच्या बाईंना म्हणाला,
"तुम्ही एवढ्या उंच आहात होय!"
बावीस वर्षं त्यानं मानेच्या वरच्याच बाई पाहिल्या होत्या.

बाराव्या दिवशी आस्तहिल्दुरनं
ह्याल्तीचं दार वाजवलं.
त्यानं उघडलं तेव्हा हातात काटा होता,
काट्याला मासा.
"थोरबेर्ग दिसला का तुला?"
एवढंच. बूट घालायलाही तो थांबला नाही म्हणे,
मोज्यांवरच बर्फातून गेला. खरं-खोटं माहीत नाही.

स्वयंपाकघरात पडला होता, खुबा मोडून,
परवापासून.
टोपी डोक्यावर. रेडिओ चालू.
"इतका वेळ?" म्हणाला त्यांना,
बस चुकल्यासारखा वैतागून.

कुंडात कोण आलं नाही
ते सात दहापर्यंत सगळ्यांना कळतं.
कुणी मोजत नाही, तरी कळतं.
बारा दिवस मोजणारं कुणी नव्हतं
आणि मी घरी होते, भरपगारी,
उशिरा उठत होते.

कुंड भरायला रात्र लागली.
सोमवारी सगळे आले, आठजण,
आणि कोपऱ्यात जागा राहिली तरी
गुडघे आवरूनच बसले.
थोरबेर्ग मोठ्या शहरात आहे, इस्पितळात.
तिथे अंघोळीला टब आहे म्हणतो,
पण एकट्याचा. त्यात काय मजा.

कुंपणाची तारीख मार्चमध्ये आहे.
दोघांनीही वकील सोडलेला नाही.
"आज गार आहे," ह्याल्ती म्हणाला.
"आहे खरं," ती म्हणाली, वाफेलाच.

उजाडायला अजून चार तास.
मी काचेआड बादली घेऊन उभी,
भिंतीवरच्या घड्याळात सात दहा.
आता मीच डोकी मोजते.