वारंगुळा

आईच्या माहेरी, घाटावर, म्हणायचे वारंगुळा:
तुझा दिवस माझ्या शेतात, माझा तुझ्या.
शाहदादच्या बलुचीतही त्याला एक शब्द आहे.
त्याने दोनदा सांगितला, मी दोनदा विसरलो.

रुस्ताकच्या मागे, काळ्या डोंगराच्या पायाशी
लागून दोन मळे. मालक दोघेही मस्कतला.
मधून फलजचं पाणी, घोट्याइतकं.
हिशेबाला दुधाच्या पावडरीचे दोन डबे,
दिवस भरला की खजुराची एक बी आत.
टण्ण.
पहिलं वर्ष त्या आवाजावर छान गेलं.

बिघडलं ते चढण्यावरून.
तो माझ्याकडे लसूणघास कापायचा, बसून,
लांबूनच आपल्या शेळ्यांना नावाने हाका मारत.
आणि मी फेब्रुवारीत त्याच्या खजुरींच्या शेंड्यांत,
कमरेला दोर, दातांत कोयती,
नराचे तुरे मादीच्या फुलोऱ्यात बांधत,
तळव्यात काटा मोडून घेत.
म्हटलं, माझा वरचा एक म्हणजे तुझे दोन.
तो म्हणाला, चढणाऱ्याला सूर्य वेगळा उगवतो काय?
पुढच्या आठवड्यात तो आला नाही.
माझा कांदा तणात बुडाला.
मीही त्याच्या दाराशी टांगलेला माझा दोर काढून आणला.
सहा आठवडे आम्ही एकाच पाण्यावर
पाठीला पाठ लावून तोंडं धुतली.

शेवटी अरीफ खल्फानकडे गेलो.
गावाच्या पाण्याच्या पाळ्या तो लावतो.
त्याचा बाप सावली बघून लावायचा,
हा मनगटावरच्या घड्याळाने. घड्याळ चार मिनिटं पुढे,
पण ते साऱ्या गावाला ठाऊक, म्हणून बरोबर.
त्याने कॉफी दिली. डब्यांची अदलाबदल करायला लावली.
माझ्या बिया शाहदादने मोजल्या. पंधरा,
त्यांतले आठ दिवस झाडावरचे, यावर दुमत नव्हतं.
त्याच्या मी मोजल्या. सोळा.
मोजता मोजता लक्षात आलं, त्याच्या बिया धुतलेल्या होत्या.
माझ्यांना चोथा तसाच, मुंग्यांसकट.

त्याच्या हिशेबाने मीच एक दिवस देणं लागत होतो.
माझ्या हिशेबाने तो सात.

खल्फान मला म्हणाला, "भाव तू सांग.
पण त्या भावाने पुढच्या हंगामात चढायचं कुणी
ते हा ठरवील."

मी गप्प.
दोन म्हटलं आणि याने दोरच मागितला तर?
मग मी खाली, जूनमध्ये, अठ्ठेचाळीस डिग्रीत,
विळा घेऊन, कमरेत मोडलेला.
सात दिवस कापला होता की मी त्याच्याकडे घास.
सातही दिवस सावलीला जाऊन जाऊन.
एक म्हणावं तर तळव्यातला काटा बोलायला लागला.

"दीड."

शाहदादने बोटांच्या पेरांवर काहीतरी केलं.
"तूच चढ," म्हणाला.

बारा नि सात एकोणीस, त्यांतून सोळा गेले.
तीन.
तेव्हा मला विंचवाची रात्र आठवली,
पिकअपच्या मागे मी, आणि हा दवाखान्यापर्यंत
हॉर्न वाजवत, रस्ता रिकामा असूनही.
मी एक बी उचलली, त्याच्या डब्यात टाकायला.
त्याने झाकण लावलं.
"ते काम नव्हतं."

पैसे खजूर उतरेपर्यंत नव्हते त्याच्याकडे.
दिवसाला दोन पेंढ्या ठरल्या, लसूणघासाच्या.
फिटंफाट. हात मिळवले, दोघांचेही चिकट.
पुढच्या हंगामाचा विषय कुणी काढला नाही.

रात्री फोनवर बायको म्हणाली, मग मिळालं काय?
सहा पेंढ्या.
आणि शेळ्या किती आहेत तुमच्याकडे?
म्हटलं, रेंज जातेय.

पेंढ्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभ्या आहेत,
ओल्या वासाच्या.
शुक्रवारी बाजारात नेईन म्हणतो.
कुंपणापलीकडे मघापासून ओरडा चाललाय,
त्यांना वास लागला आहे,
आणि अंधारात तो एकेकीला
नावाने गप्प करतो आहे.