रंगीत तालीम

एप्रिलच्या सत्तावीस तारखेला, सकाळी साडेदहाला,
कोळगव्हाणात सीनेला पूर आला.
कागदावर आला.
तहसीलच्या गाडीतून उतरलेल्या पोरानं शिट्टी फुंकली
आणि म्हणाला, पाणी आता मारुतीच्या पायरीला लागलंय,
असं समजा.

आम्ही समजलो.
नदीत पाय पोळणारी वाळू, वाळूत एक टायर, चार शेळ्या,
आणि वर सोलापूरचं ऊन,
ज्याला चव्वेचाळीसच्या खाली आम्ही ऊन म्हणतच नाही.

यादी माझ्याकडं होती.
मी ताहेरा मुलाणी, गावची आशा.
कोण पोटुशी, कुणाला दिसत नाही,
कुणाची साखर वाढते, कुणाचं पोर अंगावर पितं,
सगळं माझ्या वहीत आहे.
घरांच्या क्रमानं नाही, उचलायच्या क्रमानं.

त्या सप्टेंबरात ही वही नव्हती.
होती ती तहानेची विद्या:
रिकाम्या घागरीचा आवाज,
फाट्यावरून टँकर वळायची वेळ,
तांदूळ धुतलेलं पाणी आणखी किती कामांना पुरतं.
पोहायला येणारी माणसं गावात तीन,
त्यातला एक पुण्यात वॉचमन.
नाव हा शब्द आम्हाला एकाच अर्थानं ठाऊक,
रेशनकार्डावर असतं ते.
रात्री दोनला कडब्याची गंज तरंगत निघाली,
तिच्यावर कुत्रं बसलेलं,
दिसेनासं होईपर्यंत ते गावाकडंच बघत होतं.

तर तालीम.
मलकारी वाघमोडेला बुडायला सांगितलं होतं.
तो वाळूत उताणा पडला, हात पसरून.
बुडालेला माणूस हलत नसतो, पोरगं म्हणालं.
काठावरून कुणीतरी ओरडलं,
"मलकाऱ्या, पाणी कसंय रं?"
"गारेगार!"
गाव हसलं. मीही हसले.

शाळेची घंटा झाली. दोर सुटला, गाठ बसेना.
इंदुबाई कोष्टीला दिसत नाही, पण ती उंबऱ्यातच अडली,
"माझ्या कोंबड्यांचं नाव हाय का यादीत?
मागल्या टायमाला कुणी इचारलं न्हाई."
मी लिहिलं. कोंबड्या, सात.
तेव्हा उठली.

मलकारीपर्यंत पोचायला पंचवीस मिनिटं लागली.
दारच्या फळीवर घातला, चौघांनी उचलला.
मान लोंबत होती, हात लोंबत होता.
"काय वठवतंय बेणं," म्हादू म्हणाला.
मी कपाळाला हात लावला.
घाम नाही.
तव्यावरून भाकरी काढल्यावर तवा असतो, तसा कोरडा.

मग कसला पूर.
बाभळीखाली ठेवला, सदरा फाडला,
मान, काखा, जांघा भिजवल्या,
शुद्ध येईपर्यंत तोंडात थेंब जाऊ दिला नाही.
पाणी शाळेच्या एकुलत्या माठातलं,
पोरांच्या प्यायचं, सगळं संपलं.
बायका पदरानं वारा घालत होत्या.
आणि तिकडं पोरगं वहीत बघून मोठ्यानं वाचत होतं,
पाणी आता ओसरू लागलंय,
असं समजा.

दवाखान्याची गाडी यायच्या आधी मलकारीनं डोळे उघडले.
"गेला का पूर?" म्हणाला.
कुणी हसलं नाही.

रात्री वहीत उभी रेघ मारली,
दुसरा रकाना आखला.
कुणाच्या डोक्यावर पत्रा, कोण भर दुपारी मेंढरांमागं,
कोण वीटभट्टीवर, कुणाच्या घरात पंखा नाही.
एकाच माणसाला आता दोन आकडे.
मलकारी पाण्यात एकतिसावा,
उन्हात पहिला.
इंदुबाई दोन्हीकडं तिसरी, कोंबड्यांसकट.
पुढची तालीम सकाळी सहाला घ्या,
असा अर्ज केलाय. उत्तर आलेलं नाही.

विजेच्या खांबावर त्या दिवशी लाल पट्टा रंगवला होता,
इथवर पाणी आलं की निघायचं.
ओला रंग बघून एक शेळी त्याला अंग घासून गेली.
अजून हिंडते गावात,
धोक्याची पातळी कुशीवर घेऊन,
सुकलेल्या नदीत पाला शोधत.