नाव काढणं

जुनी गाडी पाहायची तर मे महिन्यात, भुसावळात,
दुपारी दोनला, उन्हात उभी करून.
डिसेंबरात सगळ्याच बॅटऱ्या तरुण असतात,
असं रुबाब तडवी म्हणाला,
आणि पिशवीतून लॅपटॉप काढण्याआधी
त्यानं फेगडेकाकांकडे पाणी मागितलं.

काका अठ्ठावीस वर्षं विजेच्या इंजिनावर.
शेवटच्या वर्षांत घाट उतरताना
ब्रेकमधली वीज उलटी तारेत जायची,
हे ते असं सांगतात
जसं एखाद्यानं उसने पैसे आपणहून आणून दिले.
म्हणून फंडाच्या पैशातून ही पांढरी सेडान.
आता डाव्या डोळ्यात काचबिंदू,
उजव्याचं विचारू नये.

'वरून तर नवरदेव आहे, पोट पाहू द्या,'
म्हणत रुबाब गाडीखाली सरकला.
बॅटरीच्या पेटीवर ओरखडा, बोटभर.
'हतनूरच्या रस्त्यावर, गतिरोधक,'
काका विचारायच्या आत म्हणाले,
'ते दिसलंच नाही मले.'

मी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर हिशेब मांडत होते:
तब्येत एक्क्याऐंशी टक्के.
पडदा दोनशे दहा म्हणतो, त्यातले वीस त्याच्या बढाईचे,
एसीचे तीस,
सावदा ते जळगाव जाऊन-येऊन शंभरच्या आत,
एखाद दिवशी आईला घेऊन यावलचा दवाखाना.
बसतंय. रात्री वीज असली तर.
काकांच्या अंगणातून दीपनगरची धुरांडी दिसतात.
आमच्या गल्लीत दहा ते बारा
स्वतःचा हात दिसत नाही.

वॉरंटी आठ वर्षांची, दोन उरली.
ती माझ्या नावावर चढते का, हे तोंडी ऐकायचं नाही.
जलद चार्जर किती वेळा लावला?
'घाई मले कधीच नव्हती,' काका म्हणाले,
'उभी ठेवली तरी अर्ध्या पोटी ठेवली.'
किती दिवस उभी?
'अकरा महिने.'

रुबाबची मान लॅपटॉपवरून वर आली.
अकरा महिने उभ्या गाडीचं दार
रोज संध्याकाळी सहाला उघडलंय. एकदाच. मग बंद.
चाक एक इंचही हललेलं नाही.

काका गॉगल पुसत बसले.
गाडी लोकेशच्या मोबाइलला जोडलेली, जर्मनीत.
आधी ते रोज तापीच्या पुलापर्यंत जायचे,
तिकडे नकाशावर ठिपका सरकायचा.
डोळे गेल्यावर नुसतं दार.
दार उघडलं की तिकडे वाजतं.
'फोनवर काय बोलणार? जेवलो का, जेवलो.
त्यापेक्षा हे बरं.'

पोरानं नाव काढलं, असं सगळी गल्ली म्हणते.
आणि रुबाब मला बाजूला घेऊन हळूच,
'ताई, त्याचं नाव निघाल्याशिवाय
एक रुपया देऊ नका.
उद्या तो तिथून कुलूप लावेल, तुम्ही रावेरच्या चौकात उभ्या.'

फोन काकांनीच लावला.
तिकडे सकाळचे साडेदहा.
'नाव काढ रे बापा,' एवढंच म्हणाले,
मग बराच वेळ ऐकत राहिले.
मी आणि रुबाब निंबाखाली
आधीच तपासलेले टायर पुन्हा तपासत होतो,
नाण्यानं, चारही,
स्टेपनी नाहीच हे माहीत असून डिकीत स्टेपनी.

मग पडद्यावर मालकाची जागा कोरी.
माझा ओटीपी येईना, नेटवर्क उन्हात वितळलेलं,
दहा-बारा मिनिटं ती गाडी कुणाचीच नव्हती.
त्या वेळात काकांनी सवयीनं चाचपत
पुढचं दार उघडलं,
थोडं थांबले,
लावलं.
कुठेच काही वाजलं नाही.

टोकन मी रोख दिलं, पंचवीस हजार.
बाकीचे आरसी बदलल्यावर.
चार्जिंगची केबल काकांनी स्वतः गुंडाळून दिली,
रेल्वेत गुंडाळतात तशी,
एकही पीळ न पडू देता.