मुद्दल

पांडवलेण्याच्या पायऱ्या मी मोजत नाही.
बत्तीस वर्षं मोजण्यातच गेली,
पंचवटीतल्या पतसंस्थेत, काउंटरमागं,
बोटाला थुंकी लावून.
संस्थेला सील लागलं तेव्हापासून
दर मंगळवारी इथं येतो.

खाली आग्रा रोडवर द्राक्षांच्या क्रेटचे ट्रक.
पहारेकरी पगारे हात करतो, "आले हिशेबनीस."

खोल्या आहेत, दारं नाहीत.
चौकटीत खुंटीचं भोक तेवढं उरलंय,
बोट घातलं की गार लागतं.
दगडी ओट्यावर एकदा आडवा झालो, पाय बाहेर आले.
लहानखुरी असावीत माणसं,
किंवा गुडघे पोटाशी घेऊन झोपत असावीत,
नाशिकच्या थंडीत सगळेच झोपतात तशी.

भिंतीवरचं मला वाचता येत नाही.
पगारेनं एका पुराणवस्तूवाल्या बाईंकडून ऐकून पाठ केलंय:
दोन हजार कार्षापण
गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे ठेव.
व्याज दरमहा शेकडा एक.
त्यातून वर्षावासाला राहिलेल्या वीस भिक्षूंना
चीवरासाठी बारा बारा.

मी मनात मांडलं.
महिन्याचे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस.
वीस गुणिले बारा.
जुळलं.
अठराशे-एकोणीसशे वर्षांनी कुणाचं तरी खातं जुळलं
आणि मला भलत्याच जागी रडू आलं.

पुढं म्हणे लिहिलंय, मुद्दल परत द्यायचं नाही,
फक्त व्याज खायचं.
अक्षयनीवी.
पगारे हा शब्द गरम चहासारखा सावकाश घेतो.

विणकर गेले, माग गेले.
शेवटचा भिक्षू कुठल्या सकाळी उतरला, नोंद नाही.
मग गुराख्यांच्या चुली,
छताला काजळी,
आणि मूर्तींना पांडवांची नावं.

"ठेव बुडालीच की शेवटी," पगारे म्हणतो,
पोढीतल्या पाण्यात खडा टाकत.
"मग कोरून काय मिळवलं?"
मी म्हणालो, कुणी कुणाचं देणं लागत होतं
ते तरी दिसतं.

माझ्या खिशात ठकूबाई निरभवण्यांचं पासबुक आहे.
एकोणीस हजार चारशे, नातीच्या नर्सिंगसाठी.
शेवटचा शिक्का माझा.
"काळजी नको, मावशी," हेही माझंच.
चेअरमनच्या गाडीत खोकी चढताना
मी आदल्या आठवड्यातच पाहिली होती.

त्या राहतात इथंच पायथ्याला, पाथर्डी फाट्यावर.
सात मंगळवार झाले,
मी लांबच्या बाजूनं रिक्षा करतो.