गच्चीवरून सत्तावीस भाग

मघायानाचा एकही भाग मी पाहिलेला नाही.
सत्तावीसच्या सत्तावीस ऐकले,
गच्चीवर, अँटेनाचा दांडा धरून,
तोंड विजापूरच्या दिशेला.

खाली दहा बाय बाराच्या खोलीत
अख्खी गल्ली चपला काढून बसलेली.
अंबादास खिडकीतून मान काढायचा,
"मुंग्या! मुंग्या आल्या! डावीकडं फिरव!"
मी वरून विचारायचे, "वच्चिंदा?"
घरात आम्ही तेलुगू, दारात मराठी,
यानातली माणसं मात्र पार पुण्यासारखं बोलायची.
"वच्चिंदि!" आलं.
आणि मी हात सोडला की लगेच जायचं.
म्हणून ठरूनच गेलं
की आठ वर्षांची पोर हा अँटेनाचाच भाग.

ऐकलं ते असं:
दार उघडताना फुस्स.
कप्तान मृगाक्षीचा घोगरा आवाज, "इंधन किती उरलं?"
दर रविवारी तेच. आई रॉकेलचा डबा हलवून विचारायची, तसंच.
आणि ठोकळ्या, तो लोखंडी गडी,
त्याची पावलं खटाक् खटाक्.
पण तेव्हा सगळा पूर्वभाग मागांवर चालायचा,
त्यामुळं ठोकळ्या कुठं संपला
आणि येमूलांचा कारखाना कुठं सुरू झाला
मला कधी कळलं नाही.
मला वाटायचं, तो फार मोठा असणार.
अशोक चौकापासून अक्कलकोट नाक्यापर्यंत
एकच ठोकळ्या,
रात्रपाळीलासुद्धा चालतोय.

यान मीच बांधलं मग.
भिंतींना चादरीची नक्षी, मोर समोरासमोर.
आत तंबाखूचा वास, कारण खालून आईच्या सुपातला यायचा.
खिडकी एकच, पण तिच्यातून
मला दिसत होतं तेवढं सगळं आभाळ.

आता सिनेमा येतोय.
चौतीस वर्षांनी पोरं पुन्हा आमच्या ओट्यावर,
पोटं सुटलेली, कुणाच्या खिशात रक्तदाबाची गोळी.
इलियास म्हणतो, कप्तान फारच कोवळी घेतलीय.
रेवणसिद्ध होटगी रोडवरून स्कूटर मारत येतो
ते हे सांगायला, की ठोकळ्याला चाकं लावली असतील
तर मध्यंतराआधी उठणार, तिकीट गेलं खड्ड्यात.
मी गणवेशांचं काम बाजूला सारून
सात चंदेरी जॅकेटं शिवली.
पहिल्या शोला घालून जायचंय म्हणे. मे महिन्यात.
उकडून मरा, म्हटलं, आणि काखेत जाळी लावून दिली.

काल वाद टोकाला गेला.
अंबादास माझ्याकडं वळला, "अक्का, तू सांग,
डोकं चौकोनी होतं का गोल?"
सगळे गप्प. कडक भाकरी मोडल्याचाही आवाज नाही.
मला दिसलं, हे विसरलेत
मी कुठं होते ते.
"चौकोनी," मी म्हटलं.
इलियासनं मांडीवर थाप मारली, "बघ! अक्काला आठवतंय!"

श्रावंती फोनवर ट्रेलर लावते,
मी भाकरीचं निमित्त करून आत जाते.
मोर नसतील, हे मला माहीत आहे.
तिकीट माझंही काढलंय. ओळ फ, खुर्ची अकरा.
एवढ्या मोठ्या पडद्यासमोर
हात कुठं ठेवायचे?

शुक्रवारी नऊचा शो,
आणि शुक्रवारीच पाचव्या दिवसाचं पाणी.
पहाटे चारला मी गच्चीवर, टाकीचं झाकण उघडून,
टॉर्च दातात.
मागं आता थोडेच चालतात, एखादा लांब कुठंतरी
खटाक्, मग बराच वेळ काही नाही.
खाली मोटर सुरू होते.
अंबादास जॅकेट घालूनच उभा असणार,
चंदेरी काहीतरी अंगणात हलतंय.
तो मान वर करून ओरडतो,
"अक्का, वच्चिंदा?"

पाइपात आधी हवा येते. फुस्स.
मी दांडा शोधावा तसा
टाकीचा काठ धरते,
आणि लगेच सांगत नाही.