हे बिल नाही

टोलेडोला, लेकीच्या दारात, बर्फावरून घसरलो.
हनुवटीला चार टाके.
महिन्यानं पाकीट आलं. वरती ठळक :
'हे बिल नाही.'
खाली आकडेच आकडे.
खोलीचे वेगळे, सुईचे वेगळे,
टाके घालणारी डॉक्टर तर तिसऱ्याच कंपनीची.

छत्तीस वर्षं मिरजेत कंपाउंडर होतो.
उधारीची वही आमच्याकडेही होती,
पण ती स्वतःला वहीच म्हणायची.

शेजारची डोरीन म्हणाली, फोन करा, भांडा, निम्मं होतं.
म्हटलं, म्हणजे मंडईच की!
ती हसली नाही.
छातीत कळ आली तेव्हा
ती स्वतः गाडी चालवत गेली होती,
प्रत्येक सिग्नलला थांबत.

रात्री आरशात व्रण पाहिला.
काम सफाईचं आहे.
तेवढं कबूल करायला हवं.